भट्टीवरचा दोनशे चव्वेचाळीस

दुपारी जेवणाचे डबे झाकले गेले, दिवे मालवले गेले आणि कांगशानचा तो स्क्रूचा कारखाना रोजच्यासारखा अर्धा तास टेबलावर डोकं टेकून झोपला. भट्ट्या तेवढ्या जाग्या होत्या. बारा चाळीसला फाटकावरचा फोन वाजला. पलीकडून व्हिएतनामी कामगार तुआन ओरडला, "माणूस पडला! लवकर या!" मग नुसती घरघर.

फाटकावरच्या मेई-ह्वेने पडद्यावर पाहिलं. 'पॅकिंग' अशी अक्षरं होती. ती औषधांची पेटी घेऊन पॅकिंगकडे पळाली. तिथे अकरा बाया शांत झोपलेल्या. पडलेलं कुणीच नाही. तिने खिशातल्या मोबाइलवरून लिआओ जिन-फाला उठवलं.

"फाकाका, तुमचे फोन खोटं बोलायला लागलेत!"

जिन-फा अठ्ठावन्न वर्षांचा. उमेदीची पंचवीस वर्षं त्याने खांबावर चढून तांब्याच्या तारा ओढल्या. तारांचे दिवस संपले तेव्हा पुस्तकं आणून, चुकत चुकत, तो नवं काम शिकला. आता कारखान्याच्या तिन्ही जागांचे एकशे तीस फोन तो एका छोट्या खोलीतल्या सर्व्हरवरून सांभाळत असे. नवा फोन भिंतीला जोडला की तो आधी सर्व्हरला विचारतो, मी कोण? सर्व्हर त्याला नाव देतो, नंबर देतो. हे नामकरण जिन-फाच्या हातचं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. नंबर त्याने शेडच्या क्रमाने ओळीत दिले होते; एकही गाळला नव्हता.

पडद्यावर त्याला पॅकिंगचा फोन दिसला. कॉल अजून तुटलेला नव्हता. पण फोन ज्या जोडणीतून बोलत होता ती पॅकिंगच्या भिंतीतली नव्हती. ती दोन नंबरच्या भट्टीची होती. ती तार जिन-फाने स्वतः भिंतीत घातली होती.

"मेई-ह्वे, दोन नंबरची भट्टी! अँब्युलन्सला मागच्या फाटकातून घे!"

"पण नाव पॅकिंगचं—"

"नाव सोड, पोरी. पळ!"

मुकादम चुआंग भट्टीपुढच्या हौदाशेजारी उताणा पडलेला होता. अंग तापलेलं, घाम आटलेला. तुआन फोन तसाच लोंबता टाकून बादलीने त्याच्यावर पाणी ओतत होता. फोन वाजल्यापासून सात मिनिटं गेली होती.

अँब्युलन्स गेल्यावर जिन-फाने भिंतीवरचा फोन उतरवून पाहिला. खाली पॅकिंगची चिठ्ठी. तुआनने मान खाली घातली.

"मुकादमांनीच बदलला. इथला पॅकिंगकडे नेला, तिकडचा हा इकडे आणला."

जिन-फाला कारण विचारावं लागलं नाही. इथल्या भाषेत 'चार' म्हटलं की 'मरण' ऐकू येतं; लोक इमारतीला चौथा मजलाही ठेवत नाहीत. चुआंगच्या फोनचा नंबर दोनशे चव्वेचाळीस. तो तीनदा खोलीत येऊन गेला होता.

"अ-फा, चारावर चार! भट्टीवर माणसं उभी राहतात रे. बदलून दे."

"सर्व्हरला भीती नसते, मुकादम. एक बदलला की ओळ बिघडते."

"ओळ तुझी, मरण माझं होय?"

तेव्हा जिन-फा हसला होता. आणि चुआंगने आपल्या हाताने उपाय केला. फोन उचलून नेला की अशुभ नंबर जातो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. नंबराबरोबर भट्टीचं नावही जातं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी इस्पितळातून निरोप आला. चुआंगने डोळे उघडले होते, पाणी मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी जिन-फाला बोलावलं.

"लेखी पाहिजे. फोन हलवला कुणी?"

"मुकादमाने."

"मग तसं लिहा. त्याचा महिन्याचा बोनस कापते."

जिन-फा कागद घेऊन खोलीत गेला. मग ठसठशीत अक्षरात लिहिलं: मुकादमाने तीनदा नंबर बदलून मागितला. मी दिला नाही. म्हणून त्याने फोन हलवला. बोनस माझा कापावा.

कागद देऊन तो परत आला आणि सर्व्हर उघडला. चार असलेले सगळे नंबर त्याने एकेक करून काढले, त्यांच्या जागी दुसरे दिले. ओळीत सत्तावीस भोकं पडली. एकामागून एक फोन विझले, पुन्हा उजळले, आणि आपण कोण ते त्याला विचारू लागले.