तोडीतला तो माणूस

गायक मेल्याशिवाय चांगला गात नाही, असं ठाम मत असलेला माणूस वर्धा जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमच्याकडे या नात्याला साडभाऊ म्हणतात. साडभाऊंचं सेलूला बी-बियाण्यांचं दुकान आहे, म्हणजे पाटीवर तसं लिहिलंय. आत गेलं की आधी शास्त्रीय संगीत मिळतं, बियाणं नंतर, आणि तेही गाणाऱ्या खाँसाहेबांची मर्जी असेल तर. विलंबित ख्याल चालू असला की साडभाऊ डोळे मिटून गल्ल्यामागे बसतात आणि समोरच्या माणसाला नुसता तळहात दाखवतात. त्यामुळे ज्यांनी जन्मात तंबोरा पाहिलेला नाही अशा शेतकऱ्यांनाही विलंबित आणि द्रुत यांतला फरक अचूक कळतो. हिंगणीचा एक जण आपल्या भावाला दुकानाच्या पायरीवर समजावत होता, ते मी या कानांनी ऐकलंय, "आत्ता नको जाऊ बे, तो बुवा हळूहळू म्हणून राह्यला. तबला जोरात वाजला का मंग घुसजो." भाऊ घाईत होता. तो समोरच्या दुकानात गेला आणि मग तिथलाच झाला.

घरीही हाच कारभार. दुपारचा सारंग ऐकून झाल्याशिवाय साडभाऊ जेवत नाहीत आणि ते जेवल्याशिवाय त्यांची बायको, आमच्या ताई, जेवत नाहीत, म्हणजे त्या घरातली भूकसुद्धा रागाच्या वेळेवर चालते. पण खरी कसोटी उन्हाळ्यात. आमच्या भागात मे महिन्यात कूलर बंद करायला सांगणं म्हणजे पाहुण्याला उठून जा म्हणण्यासारखंच आहे. साडभाऊ गाणं लावायच्या आधी पहिलं काम तेच करतात. कूलरच्या घरघरीत तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येत नाही म्हणे. एकदा घामानं माझा सदरा पाठीला चिकटला तेव्हा मी धीर करून म्हणालो, "साडभाऊ, थोडा वेळ लावू या का?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमाले गाणं ऐकाचं हाय का हवा खाची हाय?" मला हवा खायची होती, पण सासरच्या नात्यात खरं बोलता येत नाही.

त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात पुण्या-नागपूरचे, डोंबिवलीचे असे सगळे जुन्या ध्वनिमुद्रणांचे वेडे जमले आहेत. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी प्रत्येक जण आपण सध्या काय ऐकतो आहोत ते जाहीर करतो. आवडलं असं मात्र कोणी कधी लिहीत नाही. दुसऱ्याकडची प्रत कशी भुक्कड आहे आणि आपल्या प्रतीत सुरुवातीचा तंबोरा कसा जास्त आहे, एवढंच लिहितात. खासगी मैफलीचं रेकॉर्डिंग देताना 'कृपया पुढे कोणाला देऊ नये' अशी शपथ घालायची पद्धत आहे. ती शपथ घेऊन प्रत्येकानं ते पुढे दिलेलं असतं, त्यामुळे जे कोणाकडेच नाही ते सगळ्यांकडे असतं. शपथ अक्षरशः पाळणारा एकच मूर्ख त्या ग्रुपवर होता. तो आमचा.

जिवंत गायकाला ऐकायला मी त्यांना एकदाच नेलं. दिवाळीत वर्ध्याला सकाळची मैफल होती. गाणारी मुलगी नागपूरची, गळा गोड, राग तोडी. ती रंगात येऊन पहिल्यांदा वरच्या षड्जावर पोचली आणि शेजारी साडभाऊ मोठ्यांदा खोकले. सगळी सभा वळून बघायला लागली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तब्येत बरी नाही का?" तर माझ्यावरच उखडले. "बरी नसाले काय झालं? तिथं खोकला असते न जी!"

हा खोकला होता त्यांच्या कॅसेटमध्ये. फार वर्षांपूर्वी नागपुरात कोणाच्या तरी घरच्या मैफलीत एका खाँसाहेबांनी गायलेली तोडी, तीही शपथेसकट मिळालेली. त्यात खोकला होता, चमचा पडल्याचा आवाज होता, गल्लीतून गेलेल्या सायकलरिक्षाची घंटी होती आणि 'क्या बात है' म्हणणारे पुष्कळ होते. पण खाँसाहेब एकदा असे काही कोमल गंधारावर येऊन थांबतात की सगळे 'क्या बात है'वाले गप्प होतात, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी अगदी हळू, स्वतःशीच म्हणतो, "अरे बाप्पा!" पुन्हा शेवटपर्यंत तो माणूस बोलत नाही.

साडभाऊंचा सगळा जीव त्या माणसात. "हा आपल्याकडचाच व्हय," ते सांगायचे. "दुसरीकडचा असता तर 'वा' म्हणला असता." तो मास्तर असावा, मागे दाराशी बसला असावा, मध्येच गावाकडची बस धरायला निघून गेला असावा, असं त्याचं सगळं चरित्र त्यांनी तयार केलं होतं. ताई म्हणायच्या, "त्या बाप्पावाल्याशीच संसार करा लागत होता तुमाले, मले काऊन आणलं?" साडभाऊ चिडत नसत. "मी जिथं थांबतो न," ते म्हणायचे, "तो बी तिथंच थांबला." ज्याच्याबरोबर गाणं ऐकायला अख्ख्या सेलूत कोणी बसत नाही, त्याला एवढी सोबतही पुरत असावी.

कॅसेट म्हातारी झाली, खरखर वाढली. ग्रुपवरचे पुण्याचे एक सदस्य जुनी मुद्रणं स्वच्छ करून देतात. त्यांनी फारच आग्रह केला तेव्हा साडभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा शपथ मोडली आणि ती कॅसेट सेलूच्या कापसात गुंडाळून पुण्याला पाठवली. काही दिवसांनी मोबाइलवर तोडी आली ती लखलखीत. ग्रुपवर ज्यांनी कधी कोणाला बरं म्हटलं नव्हतं त्यांनी हात जोडले. साडभाऊंनी कूलर बंद केला, डोळे मिटले. खोकला नव्हता, चमचा नव्हता. गंधार आला आणि त्याच्यामागे काहीच आलं नाही. त्यांनी पुण्याला विचारलं. उत्तर आलं, 'श्रोत्यांचा व्यत्यय काढून टाकला आहे. टेप मशीनमध्ये गुंतून तुटली, मूळ आवाजाची प्रत ठेवली नाही, क्षमस्व. पण आता तिची गरजच काय?'

मला ताईंचा फोन आला तो रडवेला. "हे दुकानात गाणंच नाई लावून राह्यले. गिऱ्हाईक आलं का लगेच बियाणं देतेत. मले भेव वाटते, तुम्ही या न जी एकदा." मी हसत हसतच गेलो. साडभाऊ मोबाइल समोर ठेवून बसले होते. मला बघून एवढंच म्हणाले, "खाँसाहेब तर केव्हाचेच गेले. हा माणूस जिता होता माह्यासाठी. आता तोही गेला." मग मला हसता येईना.

त्यांनी तोडी लावली. गंधार आला, साडभाऊंनी मान वर केली आणि ती रिकामी जागा मला बघवेना. मी म्हणालो, "अरे बाप्पा!"

त्यांनी तोडी थांबवली. मग म्हणाले, "उशीर झाला. अन् तुम्ही मले बरं वाटावं म्हणून म्हणलं."

दोन्ही खरं होतं. तेव्हापासून दर रविवारी मी वर्ध्याहून सेलूची बस धरतो. लवकर म्हणालो, मोठ्यांदा म्हणालो, नाटकी म्हणालो. प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवली, आणि पुढल्या रविवारी यायला सांगितलं. कूलर अर्थातच बंद.

परवाच्या रविवारी ऊन फार होतं. घाम पुसता पुसता मी कशासाठी आलोय तेच विसरलो होतो. माझं लक्ष कसं कोण जाणे, गाण्यात होतं. खाँसाहेब खाली उतरत उतरत गंधाराशी आले, थांबले, आणि माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं. काय निघालं ते मला नंतर कळलं.

साडभाऊंनी डोळे उघडले. चूक काढली नाही. तोडी अजून अर्धी बाकी होती, तरी ते उठले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी कूलर लावला.