आता कोणाला दाखवायचेत दात?

मैत्रिणींनो, आज माझ्या पुढच्या दातांवर सिरॅमिकच्या कॅप बसल्या. दातांवर उतरलेल्या हिरड्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वीच कापून नीट केल्या होत्या.

मशेरीने काळे पडलेले दात लपवायला मी जन्मभर तोंडावर पदर धरून हसले. आमचे हे म्हणायचे, "तुझं हसू मला नुसतं ऐकून माहीत." ते हसू न बघताच गेले.

घरी आले तर थोरल्या जाऊबाई दारातच म्हणाल्या, "नवरा नाही, वय झालं. आता कोणाला दाखवायचेत गो?"

"तुम्हालाच. घ्या, बघा!" म्हणत मी मोठ्याने हसले.

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग हळूच विचारलं, "दुखतं का गो फार?"

सोमवारी त्यांना घेऊन जातेय. तुमच्या घरात कोण असं तोंड झाकून हसतं?