माझ्या सहीखाली

"कोळणीला ताजी मासळीपण शिळीच वाटते," सर म्हणाले.

ऑफिसातले पाचही जण हसले. मी उभी. हातात चुकांची यादी.

२०१७ साल. डहाणूतल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी एकटीच बाई. आई धाकट्या डहाणूची, मासळी विकणारी. सरांना ठाऊक होतं. प्रोग्रॅम मीही लिहायचे. एकदा म्हटलं, देण्याआधी नीट तपासू या. तेव्हापासून तपासणं माझ्याच गळ्यात. "बायकांना निवडणं-टिपणं जमतं," सर म्हणाले. पुरुषांपैकी कुणी चूक काढली की हुशारी. मी काढली की किरकिर. हळूहळू डबाही एकटीच खाऊ लागले.

त्या दिवशीची चूक साधी नव्हती. तलासरीच्या एका दवाखान्यासाठी पेशंटच्या नोंदींचा प्रोग्रॅम होता. नाव, गाव, जन्मतारीख सारखी असली की दोन माणसांची एकच नोंद व्हायची. जुनी पुसली जायची. आणि आमच्याकडे कितीतरी जणांची जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. हेच मी सांगत होते, तर तो कोळणीचा टोमणा.

"शुक्रवारी द्यायचंय. 'तपासलं, ठीक आहे' लिही. सही कर."

केली. घाबरून केली. लपवत नाही.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातून बोलावणं आलं. सर मला घेऊन गेले. डॉक्टरांसमोर एक बाई शाळकरी मुलीला जवळ घेऊन बसलेली. डॉक्टर पडद्यावरचं वाचत होते.

"हिला फिट येतात ना?"

"नाय वो. ती दुसरी. हिच्याच नावाची."

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं. सर शांतपणे म्हणाले, "टेस्टिंग मॅडमनी केलंय. त्यांची सही आहे."

बाई माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. "मंग माझे पोरीचं लिवलेलं कुठं गेलं?"

परतीच्या गाडीत सर फोनवर हसत होते. मी मागच्या सीटवर.

पुढच्या कामाच्या वेळी 'तपासलं, ठीक आहे'चा तोच कागद सरांनी समोर ठेवला.

"नाही करणार," मी म्हटलं.

"नोकरी करायचीय ना?"

"करायचीय. नीट करायचीय."

राहिलेल्या चुका त्या कागदावर एकेक करून लिहिल्या. त्याखाली सही केली. एक प्रत ज्यांचं काम होतं त्यांना पाठवली.

त्यानंतर ऑफिसात माझ्याशी कुणी बोलेना. नका बोलू. कुणाच्या घाईला आता माझं नाव मिळणार नाही.