एकतीस नंबरची खोली

आमच्या बियाणे संशोधन केंद्रात त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि काम एकच: सोयाबीनच्या पानांमागे बसलेल्या पांढऱ्या माश्या मोजायच्या. तेहतीस वर्षं. लोकांना हसू येतं, मलाही यायचं. त्यांचे आकडे संगणकात भरणं हे माझं काम. नवीन असताना मी एकदा विचारलं होतं, "काका, चार-दोन इकडेतिकडे झाल्या तर माशी काय तक्रार करायला येणार आहे?" त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे मला शेतात घेऊन गेले.

ही माशी तिळाएवढीही नसते. झाडाला धक्का लागला की पीठ उधळावं तशी उडते. म्हणून मोजणी उजाडता उजाडता, ती गारठून सुस्त असताना करायची. देठ दोन बोटांत धरायचा, पान हळूच उलटायचं, श्वास रोखायचा. "नुसता रस पिऊन गेली असती तर चाललं असतं," काका म्हणाले, "पण ही एका झाडाचा पिवळा रोग दुसऱ्याला लावते. फवारून फवारून किती फवारशील? ज्या झाडाच्या अंगातच दम आहे, ते शोधायचं." तेवढ्यासाठीच आमचं केंद्र. त्यानंतर मी आकड्यांची थट्टा केली नाही, काकांची मात्र करत राहिले.

ते केंद्रामागच्या दोन खोल्यांत एकटे राहत. काकू जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन फार लांब गेलेली. शेगडीचा एकच बर्नर वापरात, दुसऱ्यावर रद्दी. रविवारीही शेतात दिसायचे. "माशीला कुठे सुट्टी असते?" म्हणायचे. त्या दोन खोल्यांत बोलायला कुणी नव्हतं, हे खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी काही करत नव्हतं. मीसुद्धा नाही.

वाण मंजूर झाला की त्याला नाव मिळतं, तोवर नुसता नंबर. एकतीस नंबर काकांनी निवडलेला. आठ वर्षं शेजारच्या ओळींत पानामागे तीस-चाळीस माश्या आणि एकतीसवर जेमतेम चार. त्याच्या पानामागची लव आखूड, आडवी पडलेली. तिथं बसणं माशीला रुचत नसावं. काका त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं मी चिडवलं की खूश होत. निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्याआधी एकतीस मंजुरीच्या यादीत जावा, एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटची चाचणी बंद खोलीची होती. उघड्या शेतात माशीला निवड असते. एकतीस आवडला नाही तर ती शेजारी जाते. पण सगळीकडे एकतीसच पेरला तर? म्हणून काचघरात जाळीच्या दोन खोल्या केल्या. एकीत फक्त एकतीसच्या कुंड्या, दुसरीत नेहमीचा, लगेच बळी पडणारा वाण. दोन्हींत सारख्याच माश्या सोडल्या आणि काकांनी महिनाभर रोज मोजल्या.

आकडे भरताना माझा विश्वास बसेना. पलीकडे माश्या वाढतच होत्या, एकतीसवर पान-पान कोरं. केंद्राचे प्रमुख, आमचे साहेब, स्वतः खाली येऊन काकांच्या पाठीवर थाप मारून गेले. अहवाल तयार झाला. यादी दुसऱ्या दिवशी जाणार होती.

त्या दुपारी काका माझ्या टेबलाशी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्वेटर. मुलीनं पाठवलेला, हळदीसारखा पिवळाधमक. विणीत पांढरे ठिपके अडकले होते.

"दोनशे बारा," ते म्हणाले. "आत्ता मोजल्या. झटकून पडल्या त्या वेगळ्या."

मला कळायला वेळ लागला नाही. पांढरी माशी पिवळ्या रंगावर झेपावते, हे आमच्याकडे शिपायालाही माहीत आहे. तिला पकडायला आम्ही पिवळे चिकट कागद टांगतो. पिवळी साडी नेसून आलेल्या पाहुणीला काकांनीच एकदा काचघराच्या दारातून परत पाठवलं होतं.

"तुम्ही? तुम्ही हा घालून आत गेलात?" माझा आवाज चढला.

"बाहेर थंडी असायची. सकाळी घालून निघायचो, आधी एकतीसच्या खोलीत जायचो. तिथं मोजेपर्यंत घाम यायचा, मग बाहेर येऊन काढून खिळ्याला लावायचो आणि दुसऱ्या खोलीत." ते थांबले. "रोज आधी एकतीसकडेच. मीच त्याच्या माश्या अंगावर घेऊन बाहेर पडत होतो."

"पण रंग दिसला नाही?"

"पार्सल उघडलं, घातला, तर बाह्या बरोबर मनगटापर्यंत. माझं माप तिच्या लक्षात होतं गं. त्यापुढे काही सुचलंच नाही."

मी म्हणाले, गप्प बसा. साहेबही तेच म्हणाले, जरा सभ्य शब्दांत: आठ वर्षांचे आकडे आहेत, महिनाभराचं काय घेऊन बसलात. काका उभेच होते. "उद्या कुणी माझ्या भरवशावर फवारणी न करता हा पेरेल. शेत पिवळं पडलं की त्याला काय दाखवू, स्वेटर?"

एकतीस यादीतून निघाला. चाचणी पुन्हा लागली, मोजायला दुसरा माणूस आला. काका ठरल्या तारखेला निवृत्त झाले आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "निकाल लागला की कळव."

निकाल दोन महिन्यांत लागला. बंद खोलीत, दुसरं काही नसताना, माश्या एकतीसवर बसल्या, अंडी घातली, वाढल्या. पलीकडच्या वाणावर जेवढ्या, जवळपास तेवढ्याच. मी कागद पर्समध्ये ठेवला. आज जाऊ, उद्या जाऊ. कुठल्या तोंडानं सांगायचं? असे आणखी दोन महिने गेले.

शेवटी गेले. दार पहिल्या थापेलाच उघडलं. त्यांनी भिंगातून सगळे आकडे वाचले, वरपासून खालपर्यंत, आणि कागदाची घडी घातली.

"माशी बसलीच की," ते म्हणाले. "बरं झालं, यादीत गेला नाही." मग खालची तारीख पाहिली. "हा तर दोन महिन्यांपूर्वीचा."

"वाईट बातमी होती, काका. धीर होईना."

त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं.

"मी रोज सकाळी लवकर आवरून बसायचो," ते म्हणाले. "तू येशील म्हणून. वाईट तर वाईट, ती घेऊन तरी यायचंस."