डिसमिस

आमच्याकडे स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा, ‘आठ इंची डिसमिस द्या’ म्हटलं की दुकानदार मुकाट्याने काढून देतो. हा शब्द कुठून आला ते मला ठाऊक नाही. माझ्या वडिलांचा मात्र तो फार लाडका. कुणाची नोकरी गेल्याचं कानावर आलं की ते म्हणायचे, “मला कोण डिसमिस करणार? डिसमिस माझ्याच हातात आहे.” हा विनोद मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकला होता की पुढे पुढे मला त्याचा राग यायचा.

वडील सुतार. राजापूरकडून डोंबिवलीला आले आणि इथलेच झाले. नव्वदच्या आसपास आमच्या भागात इमारतींचं पेव फुटलं, तेव्हा एका कॉन्ट्रॅक्टरकडे त्यांना कायमचं काम मिळालं. नव्या फ्लॅटमधली कपाटं, ओट्याखालची दारं, माळे. लोकांना वाटतं सुतारकाम म्हणजे रंधा आणि करवत. प्लायवूड आलं तेव्हापासून सुतारकाम म्हणजे स्क्रू. एका घरात पंचवीस-तीस दारं, दर दाराला दोन-तीन बिजागऱ्या. वडील स्क्रू साबणाच्या वडीवर घासायचे, म्हणजे तो लाकडात नीट सरकतो, आणि मग मनगटाने पिळत बसायचे. नव्या इमारतीत विजेचे मीटर लागलेले नसायचे, त्यामुळे स्क्रू पिळायचं वायरचं मशीन असून नसल्यासारखं.

त्यांचं उजवं मनगट सुजायला लागलं. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. चहाचा कप डाव्या हातात आला. ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पिळायचं काम बंद करा, नाहीतर हात कायमचा जाईल. वडिलांनी घरी येऊन आईला हे हसत सांगितलं. आई हसली नाही.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं आणि त्याच नौपाड्यात विजेची हत्यारं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला होते. तिथे मी एकटीच बाई. ड्रिल, ग्राइंडर, रंध्याचं मशीन, काहीही उघडून पुन्हा चालू करून द्यायचे. मालकापेक्षा मला जास्त कळायचं आणि ते मी लपवत नसे. मला अक्कल होती. तीच नडली.

एकदा दुबईहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने बिनवायरीचं ड्रिल दुरुस्तीला आणलं. तसलं मशीन मी चित्रात पाहिलं होतं, हातात पहिल्यांदाच घेतलं. सात पॉइंट दोन व्होल्टची बॅटरी, आत सहा सेल, सहाही मेलेले. तो माणूस परत दुबईला निघाला होता. म्हणाला, “ताई, तुमचे वडील सुतार आहेत ना? त्यांनाच ठेवा. नव्या सेलचा खर्च करा, मला वर काही नको.”

मी नको म्हटलं.

घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं, तेही फुशारकीने. “बाबा, त्याच्यात दम नाही. अर्धी उतरलेली असताना चार्ज केली की बॅटरी तेवढंच लक्षात ठेवते, पुढच्या वेळी तेवढंच चालते. आता बारा व्होल्टची येतायत. त्याच्या मागून नव्या जातीचे सेल येतायत, त्यांना हा रोगच नाही. वर्षभर कळ काढा, चांगलंच घेऊ.”

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पण बाय, स्क्रू पिळतंय ना ते?”

“तसं पिळतं हो. पण त्याला काय अर्थ आहे?”

“बरं,” वडील म्हणाले. “तुला जास्त कळतं.”

तो माणूस ते मशीन टाकून गेला, ते दुकानातच राहिलं. माझ्या टेबलासमोरच्या फळीवर, हात लांब केला तर पोचेल इतकं जवळ. सव्वा वर्ष मी रोज त्याच्याकडे बघत होते आणि रोज मनातल्या मनात त्याला नावं ठेवत होते. मुंबईहून येणाऱ्या सेल्समनला विचारायचे, बारा व्होल्टचं कधी येणार? तो म्हणायचा, येतंय, दिवाळीनंतर येतंय. दिवाळीनंतर म्हणायचा, गुढीपाडव्याला. घरी मी तेच सांगायचे. वडील मनगटाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून कोलशेतला कामावर जायचे. डाव्या हाताने पिळायला शिकत होते. उतारवयात, तिसाव्या वर्षी करावी तशी खटपट. दारं वाकडी बसायला लागली होती, हे मला नंतर कळलं.

एक दिवस वडिलांचा कॉन्ट्रॅक्टर दुकानात आला. फळीवरचं मशीन पाहून मालकाला म्हणाला, हे चालू करून द्या, मी नेतो. मालकाने मला सांगितलं. मी सहा नवे सेल जोडले, सोल्डरिंगचे डाग दिले, चार्ज केलं, लाकडाच्या तुकड्यावर स्क्रू मारून पाहिले. छान चाललं. वर हौसेने दुसरी बॅटरी करून दिली, म्हणजे एक वॉचमनच्या खोलीत चार्जिंगला आणि एक हातात. देताना मला बरं वाटत होतं. वाटलं, चला, बाबांच्याच हातात जाणार आहे.

ते दोन नव्या सुतारांच्या हातात गेलं. वडील महिन्यात बसवायचे तेवढी दारं त्यांनी आठवड्यात बसवली. कॉन्ट्रॅक्टर वाईट माणूस नव्हता, म्हणूनच मला त्याचा धड रागही करता येत नाही. तो वडिलांना म्हणाला, “मिस्त्री, तुमचा हात दुखतो. आता आराम करा.”

वडील दुपारीच घरी आले. हत्यारांची पेटी कॉटखाली सरकवली. त्या दिवशी त्यांनी तो विनोद केला नाही, पुढेही कधी केला नाही. ते मशीन मीच चालू करून दिलं होतं, हे त्यांना माहीत होतं. मीच घरी येऊन सांगितलं होतं ना, मोठ्या आनंदाने.

बारा व्होल्टचं आलं, त्याला आणखी तीन वर्षं लागली. सेलही नव्या जातीचे आले, म्हटल्याप्रमाणे. मी घेतलं. खंडेनवमीला वडिलांनी पाटावर हत्यारं मांडली, रंधा, पटाशी, करवत, डिसमिस, आणि शेजारी माझं नवं मशीन. सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं. त्यांच्या चिमटीतून अर्धं कुंकू पाटावर सांडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं, ओट्याखालचं दार लोंबतंय. वडिलांनी आधी डिसमिस उचलला. मूठ मिटेना. मग मशीन घेतलं, तर ते जड, बटणावर बोट दाबलं जाईना. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी खाली बसले, स्क्रू लावला, बटण दाबलं. दोन सेकंदांत दार सरळ.

वडिलांनी दार एकदा उघडून मिटून पाहिलं. मग म्हणाले, “बाय, ते दुबईवालं असंच चालायचं का गं?”

मी म्हटलं, “छे. ते अगदीच टाकाऊ होतं, बाबा.”

“मग बरं,” ते म्हणाले.

स्क्रूपुरतं ते अगदी असंच चालायचं. मी स्वतः त्याने स्क्रू मारून पाहिले होते.