पूर्णगडच्या मासेवालीचा चेहरा

माझा डावा डोळा गेला तो जांभ्याची एक कपची उडून.

जांभा म्हणजे आमच्याकडचा लाल, भोकाभोकांचा दगड. घरं बांधायला उत्तम, मूर्ती करायला कुचकामी, असं मुंबईत कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं. मला मात्र त्याच दगडातून काहीतरी काढायचं होतं. माझे वडील राजापूरजवळच्या चिरेखाणीत आयुष्यभर जांभ्याचे चिरे काढत होते, आणि त्या लाल धुळीतच मी वाढले. खाणीत साचलेल्या पाण्याच्या कडेला बसून मी मातीच्या बायका करायचे. दुपारी वडील जेवायला बसले की त्या ओळखायचे. "ही तुझी आत्या. आणि ही तुझी आय, कमरेवर हात ठेवून भांडत्येय." त्यांनी बरोबर ओळखलं की मला इतका आनंद व्हायचा की पुढ्यातली भाकरी तशीच राहायची.

पुढे मी शिकले, रत्नागिरीत एका शाळेत चित्रकलेची बाई म्हणून लागले, लग्न झालं. नवरा एसटीत कंडक्टर. भाड्याच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. शाळा सुटली की मी थेट तिथे.

त्या दिवशी गॉगल लावलेला होता, पण कपची त्याच्या खालून शिरली. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, नजर काही वाचली नाही. दुसरा डोळा चांगला होता. वाचता यायचं, फळ्यावर लिहिता यायचं. पण खोली कळेनाशी झाली. चहा ओतला की कपाबाहेर सांडायचा. जिना उतरताना पायरी चुकायची. मातीचा गोळा समोर घेतला की तो भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारखा सपाट दिसायचा. नाक किती पुढे, डोळा किती आत, काही सांगता येईना. एक चेहरा मोठ्या जिद्दीने पुरा केला आणि बाजूला जाऊन पाहिला, तर नाक चोचीसारखं पुढे आलेलं. मी शेडला कुलूप लावलं आणि पुढचे कित्येक महिने तिकडे फिरकले नाही.

फार पुढे मला कळलं की नवरा ड्युटीवरून आला की गुपचूप शेड उघडून मातीवरचं फडकं ओलं करून ठेवत होता. मी विचारलं तर म्हणाला, "सुकली असती तर पुन्हा मळत बसायला लागलं असतं."

मग एका संध्याकाळी सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं. "बाम लाव गो जरा," म्हणून त्या माझ्यासमोर खाली बसल्या. मी टीव्हीकडे बघत त्यांचं कपाळ चोळत होते. चोळता चोळता भुवईवरचं हाड बोटांखाली आलं, मग कानशिलाची खोलगट जागा, मग गालाचा उंचवटा. माझा हात थांबला. मी चांगला डोळा मिटून घेतला आणि पुन्हा बोटं फिरवली. अख्खा चेहरा तिथे होता, खोलीसकट, उंचीसकट. इतके महिने जे हरवलं होतं ते माझ्या हातात आलं होतं.

"थांबलीस कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, जरा शेडमध्ये येता का? मला तुमचा चेहरा हवाय."

"आता ह्या वयात माज्या चेहऱ्याचं काय करतेस?" असं म्हणत का होईना, त्या आल्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं. डावा हात त्यांच्या तोंडावर, उजवा मातीत, डोळा बंद. शेडभर बामाचा वास सुटला होता. हाताला घाई झाली होती आणि मी त्याला आवरत होते. जेवायची वेळ टळून गेली. शेवटी सासूबाई उठल्या, पदर सारखा करून समोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ही तर माजी आयस," त्या म्हणाल्या. "मी इतकी तिच्यासारखी दिसते?"

ते डोकं आम्ही पडवीत ठेवलं. आमच्या आळीत पूर्णगडची एक बाई मासे विकायला यायची. तिने ते पाहिलं आणि मासळीची पाटी तिथेच खाली ठेवली. ती तिच्या गावच्या महिला बचत गटाची अध्यक्ष होती. गावात रस्त्याकडेला त्यांच्यासाठी नवीन मच्छी बाजाराची शेड झाली होती आणि दारात पुतळा बसवायचा घाट होता.

"पोरं म्हणतात, किल्ल्यावरचा कोण सरदार बसवूया," ती म्हणाली. "मी म्हटलं, सरदार कदी बांगडे विकायला बसला? आमची बाई बसवा. करशील काय तू?"

मी हो म्हणाले.

पुढच्या रविवारी नवऱ्याने सुट्टी घेतली आणि मातीची गोणी घेऊन आम्ही एसटीने पूर्णगडला गेलो. किनाऱ्यावर जाळी ठेवायच्या मांडवात बायका आधीच जमल्या होत्या आणि पुतळ्याला तोंड कोणाचं यावरून जुंपली होती. हिचं नाक बसकं, तिचे दात पुढे, अमकी तर हल्ली बाजारात येतही नाही. मी त्यांना सांगितलं, "मी एकीचा चेहरा घेणार नाही, सगळ्यांचा घेणार. पण मला एका डोळ्याने नीट कळत नाही. हात लावून बघावं लागेल."

मांडवातली भांडाभांडी थांबली. त्या क्षणी मला माझे आजोबा आठवले. बौद्ध होण्याआधीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या पाणवठ्याला हात लावायची त्यांना मुभा नव्हती, हे ते मला सांगायचे. आमचं घराणं कुठलं ते या बायकांना माहीत होतं. मी मातीचे हात पुसत उभी राहिले.

सगळ्यांत म्हातारी बाई उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "लाव हात," ती म्हणाली. "पण मासळीचा वास येल हां, आदीच सांगते."

हशा पिकला आणि रांगच लागली. एकेक बाई डोळे मिटून चेहरा माझ्या ओंजळीत द्यायची. गुदगुल्या होतात म्हणून एक सारखी हसत होती. मी गालांवरून हनुवटीवर, तिथून मानेवर जात होते, आणि तिसऱ्याचौथ्या बाईला माझ्या लक्षात आलं की चेहरे सगळे वेगळे, पण मान सगळ्यांची एकच आहे. मागच्या बाजूला दोन दोरखंड असावेत तशी ताठ, कडक. डोक्यावर पाटीखालची चुंबळ बसते तिथे सगळ्यांचे केस विरळ. मी पुन्हा पहिल्या म्हातारीकडे गेले. तिचीही तशीच. मी नवऱ्याला तिथूनच ओरडून सांगितलं, "मला सापडली. मानेपासून सुरुवात करायची."

त्यानंतरचे दिवस कसे गेले मला सांगता येणार नाही. नवरा सळ्या वाकवून सांगाडा बांधायचा, मी माती चढवायची. एकदा शाळेतून आले तर पुतळीचा उजवा हात निखळून जमिनीवर पडलेला. पूर्वी रडले असते. त्या दिवशी पिशवी खाली टाकली आणि तशीच कामाला लागले. पूर्णगडच्या बायका शहरात आल्या की डोकावून जायच्या. "पाटी अशी कोण धरीत नाय," एकीने सांगितलं आणि स्वतःची पाटी डोक्यावर घेऊन उभी राहिली. मी कोपर बदललं. मातीवरून साचा घेतला आणि त्यात फायबरचा पुतळा ओतला, कारण सिमेंटचा केला तर आतलं लोखंड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही.

टेम्पोतून पुतळा नेताना सासूबाईंनी आपल्या दोन गोधड्या त्याला गुंडाळल्या आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. गोधड्या सुटल्या तेव्हा बायकांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. त्या जवळ आल्या आणि पुतळ्याच्या तोंडावरून हात फिरवू लागल्या.

"कपाळ माजं हाय."

"तुजं कसलं, माजं. ही खोक बघ."

म्हातारीने फक्त मानेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. अध्यक्षीणबाईने पुतळ्याच्या पाटीत एक खरा बांगडा ठेवला. लगेच कावळा आला आणि त्याला हुसकायला सगळ्या धावल्या. कोणीतरी मोबाईलवर घेतलेल्या व्हिडिओत तेवढंच आलंय, बायका आणि कावळा.

तो व्हिडिओ फिरत फिरत दापोलीकडे पोचला असावा. परवा बुरोंडीहून एका बाईचा फोन आला. त्यांच्या बंदरावरही त्यांना एक बाई हवी आहे. मी पुढचं काही न विचारता हो म्हणून टाकलं. फोन ठेवला तेव्हा नवरा शेडमध्ये मातीच्या गोणीचं तोंड सुतळीने बांधत होता.

"थेट गाडी नाही," तो म्हणाला. "दापोलीत बदलायला लागेल."