मोठ्या बाईंचा चष्मा

बदलापूरच्या आमच्या शाळेत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दर शनिवारी मीटिंगला आपली खुर्ची सोडतात आणि आम्हा शिक्षकांपैकीच एकाला तिथे बसवतात. स्वतः मागे बाकावर बसतात. "आज शाळा तुमची, तुम्हीच ठरवा," एवढंच म्हणतात. एरवी काहीही ठरवण्याआधी चष्मा काढून पदराने पुसायचा आणि हळूच विचारायचं, "बरं, मुलांचं काय?" ही त्यांची सवय.

गेल्या शनिवारी खुर्चीत मी होते. वाऱ्याबरोबर कारखान्यांकडून केमिकलचा उग्र वास आला. पीटीचे सर म्हणाले, "सोडून देऊ या ना पोरांना." सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा हात डोळ्यांपाशी गेला, मी पदराने काहीतरी पुसलं आणि हळूच म्हणाले, "बरं, मुलांचं काय? आईबाप अंबरनाथला शिफ्टवर, घरांना कुलपं." मग मुलांना मागच्या वर्गांत नेऊन खिडक्या लावायचं ठरलं.

मला चष्मा नाही. तरी कोणी हसलं नाही. आदल्या शनिवारी खुर्चीत बसलेल्या पीटीच्या सरांनीही शर्टाच्या टोकाने असंच काहीतरी पुसलं होतं, आणि तेव्हा मीही हसले नव्हते.

मी बाकाकडे पाहिलं. मोठ्या बाई समाधानाने बसल्या होत्या. डोळ्यांवर चष्मा नव्हता, आणि नाकावर त्याचा वळसुद्धा नव्हता. चष्मा खुर्चीचाच असावा.